पाकळीपाकळीवर एक अक्षर

गणपतीच्या दिवसांत आपल्याकडे घरोघरी अथर्वशीर्षाची आवर्तनं चालतात. ऋषिपंचमीच्या पहाटे पुण्यात दगडूशेठ गणपतीपुढे हजारो बायका रस्त्यावर बसून ते एका सुरात म्हणतात. म्हणता म्हणता त्यात गणपतीचा पत्ता येऊन जातो. तो मूलाधारात नित्य राहतो, असं अथर्वशीर्ष सांगतं. मूलाधार म्हणजे पाठीच्या कण्याच्या तळाशी मानलेलं पहिलं चक्र. चक्रांचं नाव काढलं की आपल्याला हिमालयातली गुहा आठवते, नाहीतर परदेशातला एखादा महागडा योगवर्ग. आणि इथे आरतीआधी मांडी घालून बसलेलं दुसरीतलं पोर त्याच चक्राचं नाव न अडखळता घेत असतं. इतकी वर्षं तोंडात असलेल्या या गोष्टीकडे जरा निरखून पाहिलं की थक्क व्हायला होतं.

हे चक्र खरंच शरीरात कुठे असतं का, हा प्रश्न एका माणसाने अगदी सरळ मार्गाने सोडवायचं ठरवलं होतं. स्वामी दयानंद सरस्वतींनी १८७५ मध्ये मुंबईत आर्य समाज स्थापन केला. त्याच्या कितीतरी आधी, तरुण संन्यासी म्हणून ते गंगाकाठी फिरत होते. झोळीत हठयोगाचे ग्रंथ होते. त्यांतली चक्रांची आणि नाड्यांची वर्णनं त्यांना पटत नव्हती. एक दिवस नदीतून प्रेत वाहत येताना दिसलं. त्यांनी पाण्यात उतरून ते काठावर ओढलं, चाकूने उघडलं, हृदय बाहेर काढून तपासलं, ग्रंथातल्या वर्णनाशी ताडून पाहिलं. कमळ नाही, चक्र नाही. त्यांनी ग्रंथ फाडले आणि प्रेताबरोबर नदीत सोडून दिले. ही हकिकत त्यांनी स्वतःच आत्मकथनात सांगितली आहे. लिहिलेलं डोळ्यांनी पडताळायचं, त्यासाठी प्रेताला हात लावायचा, ही हिंमत त्या काळी एका संन्याशाने दाखवली याबद्दल मला अपार आदर वाटतो. फक्त, ज्या पानांत ते अवयव शोधत होते ती पानं मुळात ध्यान कसं करायचं हे सांगण्यासाठी लिहिलेली होती. मग त्या ध्यानात दिसतं तरी काय?

१५७७ साली बंगालमध्ये पूर्णानंदांनी ‘षट्चक्रनिरूपण’ लिहिलं. पन्नास-पंचावन्न श्लोकांचा छोटा संस्कृत ग्रंथ. आज जगभर चक्रांची जी चित्रं भिंतींवर टांगलेली दिसतात, त्यांचा मूळ आराखडा बहुतांशी इथून आलेला आहे. त्यात कण्याच्या तळापासून भुवयांच्या मध्यापर्यंत अशी सहा कमळं सांगितली आहेत. मूलाधाराला चार पाकळ्या, त्याच्या वरच्या स्वाधिष्ठानाला सहा, नाभीजवळच्या मणिपुराला दहा, हृदयातल्या अनाहताला बारा, कंठातल्या विशुद्धाला सोळा आणि भुवयांमधल्या आज्ञाचक्राला दोनच. बेरीज करून पाहा. पन्नास होते.

ही पन्नास म्हणजे वर्णमाला. प्रत्येक पाकळीवर एक अक्षर लिहिलेलं आहे. कंठातल्या सोळा पाकळ्यांवर अ पासून अः पर्यंतचे सोळा स्वर. हृदयाच्या बारा पाकळ्यांवर क ते ठ. नाभीच्या दहांवर ड ते फ. त्याखाली सहांवर ब, भ, म, य, र, ल. अगदी तळाच्या चारांवर व, श, ष, स. उरलेली ह आणि क्ष भुवयांमध्ये. पहिलीच्या वर्गात भिंतीवर लावलेला तक्ता जसाच्या तसा, क्रम न मोडता, माणसाच्या देहात गळ्यापासून खाली उतरत गेला आहे. (आपला लाडका ळ मात्र पाकळ्यांवर नाही. मराठी वाचकाला ही खंत वाटणारच.)

मी पहिल्यांदा ही बेरीज केली तेव्हा कागद बाजूला ठेवून खोलीत येरझारा घातल्या होत्या. इतक्या काटेकोर रचनेमागे केवढा विचार असेल! स्वर कंठात का, याचं उत्तर उच्चारून पाहिलं की सापडतं असं मला वाटतं. आ म्हणताना जीभ, दात, ओठ कुणीच वाट अडवत नाही. आवाज गळ्यातून निघतो तो मोकळा बाहेर पडतो. क, च, ट म्हणायचं तर कुठेतरी श्वास अडवावा लागतो. आणि साधक ध्यानात तळापासून वर चढतो, म्हणजे त्याची वर्णमाला उलटी चालते: स, ष, श, व असं करत तो शेवटी अ पर्यंत पोहोचतो. तंत्रशास्त्र मानतं की सगळं जग वाणीतून उलगडत गेलं. ते उलगडलेलं परत गुंडाळत मुळाशी जायचं, असा हा प्रवास आहे. मस्तकावरच्या सहस्रारात तर हजार पाकळ्या: हीच पन्नास अक्षरं वीस वेळा.

पूजेतल्या न्यासात हृदय, मस्तक, शेंडी, खांदे, डोळे यांना मंत्र म्हणत बोटं लावतात. तांत्रिक साधनेत याच रीतीने अंगभर एकेक अक्षर ठेवलं जातं. घाईत उरकलं तर तो निव्वळ उपचार. सावकाश केलं तर शरीराच्या एकेका जागी मन नेऊन टेकवण्याचा तो अभ्यास आहे. आत्ता वाचता वाचता उजव्या तळहातावर लक्ष न्या. हात न हलवता. थोड्याच वेळात तिथे ऊब, जडपणा, बारीकशी झिणझिण जाणवू लागेल. हात आधीही तिथेच होता. तुम्ही आता तिथे गेलात. १९३७ साली कॅनडातले मेंदूशल्यविशारद वाइल्डर पेनफिल्ड आणि त्यांचे सहकारी एडविन बोल्ड्रे यांनी मेंदूच्या पृष्ठभागावर शरीराचा जो नकाशा सापडतो तो मांडला. त्यात ओठ, जीभ आणि बोटं अवाढव्य, पाठ मात्र चिमुकली. म्हणजे आपला मेंदूही देहाला देहाच्या मापाने पाहत नाही, अनुभवाच्या मापाने पाहतो. चक्रं मला अशाच अनुभवाच्या नकाशासारखी वाटतात. सुरी घेऊन शोधली तर ती मिळायची नाहीत.

शिवाय नकाशा एकच नव्हता. बौद्धांच्या हेवज्रतंत्रात चक्रं चार आहेत. गोरक्षनाथांच्या नावावर असलेल्या ‘सिद्धसिद्धान्तपद्धती’त नऊ. इंद्रधनुष्याचे सात रंग खालून वर, लाल ते जांभळा असे ओळीने लावण्याची पद्धत तर विसाव्या शतकातली, पाश्चात्त्य देशांत रूढ झालेली. पूर्णानंदांकडे मणिपूर पावसाळी ढगासारखं सावळं आहे आणि आज्ञाचक्र पांढरंशुभ्र. त्यांचं ‘षट्चक्रनिरूपण’ बंगालातून बाहेर कसं पडलं? कलकत्ता उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती जॉन वुड्रॉफ यांनी आर्थर अ‍ॅव्हलॉन या टोपणनावाने १९१९ मध्ये त्याचं इंग्रजी भाषांतर छापलं. १९३२ मध्ये मानसशास्त्रज्ञ कार्ल युंग यांनी झुरिकमध्ये कुंडलिनीवर, म्हणजे मूलाधारात निजलेली मानतात त्या शक्तीवर, व्याख्यानं दिली. पुढे ती चित्रं कॅलिफोर्नियात गेली आणि नवे रंग लेवून आपल्याकडे परत आली. या रंगांचा मला राग नाही. पण ते प्राचीन आहेत असं सांगून कुणी पैसे घेत असेल तर ते खरं नाही, एवढं वाचकाला ठाऊक असावं.

मुंबईचे डॉक्टर वसंत रेळे यांनी १९२७ मध्ये एक इंग्रजी पुस्तक लिहिलं. कुंडलिनी म्हणजे उजवी व्हेगस चेता, असा त्यांचा दावा. वुड्रॉफ यांनी प्रस्तावना लिहिली, पण हे मत काही स्वीकारलं नाही. आज शरीरशास्त्रही ते स्वीकारत नाही. तरी रेळे यांनी बोट ठेवलं होतं ती जागा विलक्षण आहे. मेंदूच्या देठातून निघालेली ही चेता गळ्यातून उतरते, हृदयाला आणि फुप्फुसांना फांद्या देते, जठराकडून आतड्यांपर्यंत जाते. हृदयाचा वेग कमी करण्याचं काम तिचं. आणि ती श्वासाबरोबर चालते: आपण श्वास घेतो तेव्हा तिचा लगाम सैल पडून ठोके थोडे जलद होतात, सोडतो तेव्हा लगाम आवळून ते मंदावतात. मनगटावर नाडी धरून, श्वास लांबवून पाहिलं की कित्येकांना हे बोटांखाली कळतं. उच्छ्वास जितका लांब तितका वेळ हृदयाला विसावा.

आता लोणावळ्याला जाऊ. पावसाळ्यात सगळी मुंबई-पुणे भुशी डॅमच्या पायऱ्यांवर भिजायला आणि चिक्की घ्यायला तिथे जाते. जावंच, भिजल्यावर गरम कणीस खाण्याचा आनंद कुठल्याही आसनात नाही. त्याच गावात कैवल्यधाम आहे. अमळनेरला शिक्षक असलेले जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजेच स्वामी कुवलयानंद, यांनी १९२४ मध्ये ते उभं केलं आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे त्रैमासिक सुरू केलं. दयानंदांना जे प्रेतात पाहायचं होतं, ते गुण्यांनी जिवंत, योग करणाऱ्या माणसात पाहायचं ठरवलं. क्ष-किरणांची यंत्रं आणली, दाबमापक आणले. बस्तिक्रियेत योगी पाणी आतड्यात वर ओढून घेतात, ते कसं? गुण्यांनी नौली ही पोटाची क्रिया करणाऱ्याच्या मोठ्या आतड्यातला दाब मोजला. पोटाचे स्नायू मधोमध उभे राहताच तो बाहेरच्या हवेपेक्षा खाली गेलेला आढळला. आत अंशतः निर्वात जागा तयार होते, म्हणून पाणी चढतं. चमत्कार म्हणून सांगितली जाणारी गोष्ट आकड्यात आली. या निर्वाताला त्यांनी आपल्या गुरूंचं, नर्मदाकाठच्या मालसरच्या माधवदासजींचं नाव दिलं. यंत्राने मिळालेलं फळ गुरूच्या पायी ठेवणारा हा संशोधक मला फार जवळचा वाटतो.

हीच मोजण्याची वाट पुढे इटलीतल्या एका प्रयोगापर्यंत जाते. लुचियानो बर्नार्डी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २३ निरोगी माणसांना लॅटिनमधली ‘आवे मारिया’ ही ख्रिस्ती माळेवरची प्रार्थना म्हणायला लावली आणि मग ‘ॐ मणि पद्मे ॐ’ असा मंत्र. निष्कर्ष २००१ च्या डिसेंबरात ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आले. दोन धर्म, दोन भाषा, आणि दोन्ही वेळा श्वास आपोआप मिनिटाला सुमारे सहावर उतरला. एरवी आपण मिनिटाला बारा ते वीस श्वास घेतो.

सहाच का? आपल्या मानेतल्या रोहिणीत आणि हृदयाजवळच्या महारोहिणीत रक्तदाब ओळखणारी केंद्रं असतात. दाब वाढला की ती मेंदूला कळवतात, मेंदू रक्तवाहिन्या सैल करतो. कमी झाला की आवळतो. निरोप जायला आणि काम व्हायला वेळ लागतो, म्हणून दाब सारखा हलकेच वरखाली होत राहतो. त्याची एक लाट सुमारे दहा सेकंदांची. मिनिटात अशा सहा लाटा. श्वासही दहा सेकंदांचा झाला की दोन्ही लाटा एकमेकींना धरतात आणि झोपाळ्याला नेमक्या क्षणी हात लावावा तसा झोका मोठा होतो. दाब सांभाळणारी ती यंत्रणा अधिक तत्पर होते. प्रयोगात हे मोजलं गेलं. युरोपातली जपमाळ अरबांकडून गेली आणि अरबांकडे ती तिबेट-भारतातून आली, असंही त्या लेखकांनी सुचवलं आहे. हृदयाला मानवणारा श्वास मण्यांवरून ओघळत एवढा प्रवास करत गेला असेल, हे मनात आणून पाहा!

बीजमंत्रांकडेही मग नव्याने पाहावंसं वाटतं. मूलाधाराचा लं, मग वं, रं, यं, हं. सगळ्यांच्या शेवटी अनुस्वार, म्हणजे ओठ मिटून नाकात घुमणारा नाद. ‘हठप्रदीपिके’तल्या आठ कुंभकांमध्ये भ्रामरी आहे, तिथे श्वास घेताना भुंग्याचा आणि सोडताना भुंगीचा गुंजारव करायला सांगितलंय. स्वीडनमधल्या एडी वाइट्झबर्ग आणि यॉन लुंडबर्ग या शास्त्रज्ञांनी २००२ मध्ये दाखवलं की असं गुणगुणताना नाकातून बाहेर येणारा नायट्रिक ऑक्साइड वायू साध्या उच्छ्वासाच्या पंधरापट होतो. हा वायू नाकाभोवतीच्या कवटीतल्या पोकळ्यांमध्ये तयार होतो. एरवी तिथली हवा फारशी हलत नाही. गुंजारवाच्या कंपनांनी ती ढवळून बाहेर येते. रक्तवाहिन्या रुंदावण्यासाठी शरीर हाच वायू निरोप म्हणून वापरतं आणि त्या शोधाला १९९८ चं नोबेल मिळालं आहे. कानांत बोटं घालून ‘म्’ म्हणायचं, यात एवढं सगळं दडलेलं.

बरं होण्याबद्दल इथे एक गोष्ट ठामपणे म्हणायला हवी. चक्र ‘बंद’ पडल्याने मधुमेह झाला, खडा ठेवून ते ‘उघडू’, असं सांगणाऱ्याच्या नादी लागून कुणी इन्सुलिन थांबवलं तर जीव जाऊ शकतो. औषध चालूच ठेवावं. लांब श्वासाने, नादाने जे घडतं ते वेगळ्या जातीचं आहे: धडधड निवते, आवळलेले खांदे खाली येतात, रात्री उसळलेलं मन जागेवर बसतं. झोप उडाली की मी अंधारात पडल्या पडल्या भ्रामरी करते, आणि पुष्कळदा तिच्यातूनच डोळा लागतो. मला हे थोडं वाटत नाही.

आणि हे करायला योगवर्ग लागतोच असंही नाही. जात्यावर बसलेली बाई ओवी म्हणायची तेव्हा एका दमात एक लांब ओळ जायची, जातं फिरत राहायचं, मग पुन्हा श्वास. हेमा राइरकर आणि गी पॉइतव्हाँ यांनी खेड्यापाड्यांतून अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यांत सासुरवास आहे, भाऊ आहे, विठ्ठल आहे, मेलेलं मूल आहे. बायकांनी आपलं दुःख लांब उच्छ्वासावर घालून दळलं. न्हाणीघरात गाणारी, पोराला थोपटत अंगाई म्हणणारी, गाडी चालवताना जुनी गाणी गुणगुणणारी माणसं त्याच वाटेवर असतात.

नादासाठी मुद्दाम जावं अशी एक जागा कैवल्यधामापासून थोड्याच किलोमीटरांवर आहे: कार्ल्याचं चैत्यगृह. एकवीरा आईच्या देवळामागे, डोंगर आतून कोरून काढलेला. सुमारे ३८ मीटर लांब, १४ मीटर उंच, दोन हजार वर्षांपूर्वीचं. छताला त्या काळच्या लाकडी फासळ्या अजून आहेत. कोकणातल्या बंदरांतून घाट चढून येणाऱ्या व्यापाऱ्यांनी खांब दान दिले आणि त्यावर ब्राह्मीत आपली नावं कोरली. त्यांत यवनही आहेत. गर्दी नसेल अशा वेळी स्तूपाजवळ उभं राहून ओठ मिटून एकच स्वर धरावा. मी थांबल्यावरही दगडाने तो काही क्षण धरून ठेवला आणि माझ्या बरगड्यांना कळलं की आवाज कानांपुरता नसतो. बाहेर कोळी बांधव ढोल वाजवत आईला भेटायला येत होते. तोही नादच.

सगळ्यांत जास्त आश्चर्य मला ज्ञानेश्वरांचं वाटतं. नाथपंथाची दीक्षा त्यांना थोरल्या भावाकडून, निवृत्तिनाथांकडून मिळालेली. १२९० मध्ये नेवाशाला सांगितलेल्या ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात कुंडलिनी जागी होण्याचं जे वर्णन आहे, तसं मराठीत आधी नव्हतं आणि नंतरही क्वचितच झालं. या वाटेला ते पंथराज म्हणतात. आणि बाराव्या अध्यायात तेच ज्ञानेश्वर त्या वाटेचे कष्ट सांगून भक्ताला जवळ घेतात. ज्या माणसाने देहातल्या चक्रांची वाट चालून दाखवली, त्याच्या पादुका आषाढी वारीसाठी ज्येष्ठात आळंदीहून निघतात आणि लाखो माणसं त्यांच्याबरोबर अडीचशे किलोमीटर गात चालतात. टाळ, पखवाज, एकाने धरलेली ओळ, सगळ्यांनी उचललेली ओळ. २०१३ मध्ये स्वीडनच्या गोटेनबर्गमध्ये ब्यर्न विकहॉफ यांच्या गटाने समूहात गाणाऱ्या तरुणांच्या हृदयांचे ठोके मोजले. लांब ओळी एकत्र गाताना श्वास जुळले आणि हृदयांचा वेगही बरोबरीने चढू-उतरू लागला. आज ठोके मोजणारं घड्याळ वारकऱ्यांच्या नातवंडांच्या मनगटावर असतंच. एखाद्या दिंडीने ठरवून, दिवे घाट चढून झाल्यावर सासवडच्या मुक्कामी रात्री हरिपाठाला बसताना, म्हाताऱ्या-कोताऱ्यांच्या, मृदंग वाजवणाऱ्याच्या आणि पहिल्यांदाच आलेल्या कॉलेजच्या पोरांच्या मनगटांवर ती बांधावीत. कुवलयानंदांनी आपल्या दाबमापकाने जे केलं ते पुढे नेणारं हे काम होईल, आणि ते करणाऱ्यांबरोबर आळंदीपासून चालायला मला मनापासून आवडेल.